अंगण रिकामं नाही

आमच्या शेजारच्या नानांच्या फाटकात जमिनीवर पिवळ्या रंगाच्या चार रेषा आहेत. रस्त्याच्या बाजूला दोन सलग, घराच्या बाजूला दोन तुटक. बाहेरून येणाऱ्याने सलग रेषेपाशी थांबायचं, आपण कोण आणि कशासाठी आलो ते सांगायचं, आणि नाना पडवीतल्या खुर्चीवरून "या" म्हणेपर्यंत पाऊल पुढे टाकायचं नाही. आतून बाहेर जाणाऱ्याला तुटक रेषा लागते, म्हणजे त्याला मुभा. "जाणाऱ्याला मी कशास अडवू?" असं नानांचं म्हणणं.

सात वर्षांपूर्वी ते इथे राहायला आले, तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमची गल्ली मांडवीच्या समुद्राच्या दिशेने उतरते आणि माझ्या स्कूटरचा ब्रेक माझ्यासारखाच, उशिरा मनावर घेणारा. मी थेट आत शिरलो.

"थांबा! अंगण रिकामं नाही!"

अंगणात फक्त त्यांच्या पत्नी होत्या, माई. पाठमोऱ्या बसून वाळत घातलेली आमसुलं उलटी करत होत्या. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"रेषेच्या मागे व्हा. कुठून आलात?"

"शेजारून."

"कशासाठी?"

"विरजण हवं होतं जरा."

"आता म्हणा, रेषेमागे थांबतो, सांगितल्याशिवाय आत येत नाही."

"बरं, कळलं."

"कळलं हे उत्तर नव्हे. परत म्हणा."

मी शाळेत गणित शिकवतो. म्हणवून घ्यायची सवय, म्हणायची नाही. पण विरजण हवं होतं, म्हटलं. घरी येऊन बायकोला सांगितलं, "शेजारी वेडा आहे." ती म्हणाली, "तेही आत्ता माईंना हेच सांगत असतील."

पुढे उलगडा झाला. नाना घाटावरच्या एका लहानशा धावपट्टीच्या टॉवरमध्ये नोकरीला होते. तिथे विमानं दोन-चार आसनांची, आणि चालवणारी बहुतेक शिकाऊ पोरं. कुणी उडायचं, कुणी उतरायचं, कुणी रेषेपाशी थांबायचं, हे नानांनी रेडिओवरून सांगायचं आणि वैमानिकाने ते शब्दन् शब्द परत म्हणायचं. "आकाशात जागा भरपूर असते हो," नाना सांगत, "गोंधळ सगळा जमिनीवर. एकाला वाटतं पट्टी रिकामी आहे, आणि दुसरा असतो तिच्यावर. रॉजर म्हटलं म्हणजे काय? आवाज पोचला. मजकूर पोचला की नाही, ते परत म्हटल्याशिवाय कसं कळणार?"

हे मी दर महिन्याला ऐकत होतो. बावीस वर्षं वर्गात "कळलं का?" विचारून "हो सर"वर विश्वास ठेवणारा माणूस मी, मला काय बोध होणार!

गल्लीतल्या प्रत्येकाला नानांनी नाव दिलं होतं. मी 'शेजार स्कूटर'. गॅसवाला 'लाल टेम्पो'. मिरकरवाडा बंदरावरून मासे घेऊन येणारी फातिमाबी 'मिरकरवाडा वन', म्हणजे मिरकरवाडा क्रमांक एक. ती टोपली डोक्यावर ठेवूनच रेषेपाशी उभी राहायची आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी गर्जायची, "मिरकरवाडा वन, रेषेपाशी! बांगडे नि सौंदाळे!"

"मिरकरवाडा वन, थांब. माई अंगणात आहे."

"मिरकरवाडा वन थांबतंय! माई अंगणात!"

घरातही तीच तऱ्हा. पाहुण्याला नाना स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून बसवत, स्वतः दाराकडे पाठ करून. नाना म्हणणार, "डब्यात दोन लाडू उरलेत." पाहुण्याने म्हणायचं, "डब्यात दोन लाडू उरलेत." मग माई स्वयंपाकघरातून लाडू आणणार. मी याची नक्कल करायचो. गणपतीत आरती झाली की लोक म्हणायचे, "मास्तर, नाना होऊन दाखवा," आणि मास्तर आढेवेढे न घेता व्हायचे.

अशात एका मे महिन्यात माझी मुलगी सई अचानक घरी आली. ती घाटावर विमान चालवायला शिकते. सुट्टी नव्हती, फोन नव्हता, बॅग मात्र चांगली मोठी होती. जेवताना म्हणाली, "माझं उड्डाण थांबवलंय."

बायकोने आमटीची पळी खाली ठेवली.

"टॉवरने सांगितलं, धावपट्टीच्या आधी रेषेला थांब. मी नुसतं रॉजर म्हटलं. डोक्यात पुढच्या गोष्टींची यादी चालू होती. टॉवरने पूर्ण परत म्हणायला सांगेपर्यंत पुढचं चाक रेषेपलीकडे गेलं, बाबा. एक विमान उतरत होतं. ते उतरायचं सोडून परत वर गेलं."

"कुणाला काही...?"

"नाही. कुणाला काही झालं नाही. पंधरा दिवसांनी मुख्य प्रशिक्षकांसमोर उभं राहायचंय. ठेवायचं की घालवायचं, ते ठरवतील." मग ताटाकडे बघत म्हणाली, "मला वाटतं, मी जाऊच नये."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी शेजारच्या भिंतीकडे पाहिलं. त्या भिंतीपलीकडचा माणूस सोडला, तर अख्ख्या रत्नागिरीत यातलं कळणारं मला कुणी ठाऊक नव्हतं. आणि त्याची नक्कल करून मी टाळ्या घेतल्या होत्या.

सकाळी सईला घेऊन रेषेपाशी उभा राहिलो. माई फाटकाजवळच आमसुलं पसरत होत्या. नानांनी त्या बाजूला होईपर्यंत आम्हाला थांबवलं, मग आत घेतलं, सईला समोर बसवलं आणि विचारलं, "सगळं नको. तू काय म्हणालीस तेवढं सांग."

"रॉजर."

नानांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता व्याख्यान. पण ते एवढंच म्हणाले, "उतरणाऱ्या विमानात कोण होतं गो?"

"स्नेहल. माझ्याच बॅचची. तिचं एकटीने दुसरंच उड्डाण होतं."

"तिच्याशी बोललीस?"

"नाही."

"आधी तिच्याशी बोल. मग ये माझ्याकडे."

सईने दुपारी फोन केला. आधी ही रडली, मग ती रडली असावी, कारण ही तिला "रडू नकोस गं" म्हणू लागली.

दुसऱ्या दिवसापासून अंगणात शिकवणी सुरू झाली. आमसुलांच्या चटया म्हणजे धावपट्टी, सई म्हणजे विमान, आणि उतरणारं विमान म्हणून स्कूटर ढकलत मी. उन्हात अर्धा अर्धा तास मी हवेत असायचो. नाना खुर्चीवरून हुकूम सोडत, सई परत म्हणे आणि मगच पाऊल उचले. एकदा ती नुसतं "हो" म्हणाली.

"हो कोणाला?" नाना म्हणाले. "तुझं तू ऐकलंस का? तोंडाने थांबते म्हटलंस की पायाला ऐकू जातं. पट्टीवर माणूस आहे, हे आधी डोक्यात. परीक्षा, प्रशिक्षक, तुझा बाप, सगळे नंतर."

नवव्या दिवशी सई शिकवणीहून घरी आली. पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाबा, माईंना ऐकू येत नाही."

"छे! उत्तरं तर देतात."

"कधी देतात? नाना दाराकडे पाठ करून बोलले की नाही देत. आपण परत म्हटलं की आपल्या तोंडाकडे बघून देतात. आज लाडवांच्या वेळी मी मुद्दाम परत म्हटलं नाही, तर त्या आल्याच नाहीत. नानांनी मला डोळ्यांनी विनवलं, तेव्हा म्हटलं."

"मग त्या रेषा?"

"गाड्या उतारावरून येतात. माई पाठमोऱ्या असतात. त्यांना हॉर्न ऐकू जाणारे का?"

मी सात वर्षं शेजारी. मुलगी नऊ दिवसांची विद्यार्थिनी.

दुसऱ्या दिवशी फातिमाबीला रस्त्यात गाठून हळूच विचारलं. तिने टोपली खाली ठेवली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "मास्तर, तुम्हाला आत्ता कळलं? मग मी एवढी बोंबलतंय ती काय हौस म्हणून?"

"पण कानाचं यंत्र मिळतं ना."

"आहे की, कपाटात. लावलं तर लोकांना समजेल म्हणतात माई. म्हातारी मानी आहे. तुम्ही बोलू नका हां काही."

म्हणजे गल्लीने नानांना चक्रम ठरवलं होतं आणि नानांनी ते खुशाल ठरवू दिलं होतं. लोक चक्रम माणसाकडे बघत राहतात, त्याच्या बायकोच्या कानांकडे कोण बघणार? माझ्या नकलेनेही त्यांना मदतच झाली, असं मी मनाला सांगून पाहिलं. मन काही ते परत म्हणेना.

सई ठरल्या दिवशी गेली. प्रशिक्षकांसमोर उभं राहायच्या सकाळी मला घरात बसवेना म्हणून विरजणाची रिकामी वाटी घेऊन नानांच्या रेषेपाशी जाऊन उभा राहिलो. माई चटयांपाशी होत्या, म्हणून नानांनी हाताने थांबवलं. त्यांच्या मांडीवर फोन होता.

तो वाजला. माझ्या मुलीने पहिला फोन मला केला नव्हता, याची नोंद मी घेतली.

नाना ऐकत राहिले. मग म्हणाले, "परत म्हण." परत ऐकलं. फोन खाली ठेवला आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसू लागले. माझा जीव वाटीत.

"नाना, काय झालं?"

त्यांनी सोगा तोंडाशी नेला. जेमतेम माझ्यापर्यंत पोचेल इतकंच म्हणाले, "उडणार. सोमवारपासून."

माईंनी मान वर केली होती. त्या नानांच्या तोंडाकडे पाहत होत्या, पण नानांच्या तोंडावर चष्मा पुसणारा सोगा होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छाती भरून घेतली, त्यांच्याकडे तोंड केलं आणि फातिमाबीला लाजवेल अशा आवाजात ओरडलो, "सई उडणार! सोमवारपासून!"

माईंचे आमसुलांनी लाल झालेले हात तसेच वर राहिले. "अगो बाय!" त्या म्हणाल्या, आणि मग नानांकडे वळून, "अहो, मग त्यांना आत तरी घ्या! रेषेवर काय ताटकळत ठेवलंत?"

नानांनी चष्मा चढवला. अंगणभर एकदा नजर फिरवली. चटयांच्या मधोमध माई उभ्या होत्या.

"शेजार स्कूटर, थांबा," ते म्हणाले. "अंगण रिकामं नाही."

त्या दिवशी स्कूटर मी आणलीच नव्हती, हातात फक्त वाटी होती.

"शेजार स्कूटर थांबतो," मी माईंकडे तोंड करून मोठ्याने म्हटलं. "अंगण रिकामं नाही."