भामरेकाकांचं पायरुवेट

नाशिकच्या द्वारका चौकात कंपनीची गाडी अडली की आम्ही सगळे कपाळाला हात लावतो. भामरेकाका मात्र शांतपणे म्हणतात, "पायरुवेट तुंबलं." बँकेतली रांग असो की कुणाचं न जमणारं लग्न, त्यांचं निदान हेच.

विंचूरच्या एका वाइनरीत आम्ही दोघं एकाच लॅबमध्ये. मी एम.एस्सी., ते बारावी सायन्स, मूळचे सटाण्याकडचे. तरी टाकी बिघडली की साहेब माझ्या टेबलावरून पुढे जात विचारायचे, "भामरे कुठंयत?" सरळ सांगते, माझा जळफळाट व्हायचा.

पाहुण्यांना माहिती देण्याचा मानही त्यांचाच. "यीस्ट साखर फोडतं, त्याचं पायरुवेट होतं. मग एक एन्झाइम त्यातला वायू काढून टाकतं. हे बुडबुडे दिसतात ना, तोच तो. उरलं त्याची दुसरं एन्झाइम दारू करतं. पण पहिलं लय मानी हाय. बी-वन जीवनसत्त्व सोबत नसलं तर कामालाच लागत नाय." पाहुणे खूश. हेच मी स्लाइडवर दाखवलं तेव्हा दोघं जांभया देत होते.

टाकीत काय घातलं ते काका तिच्या पोटावर खडूने लिहायचे: "आज सल्फर खाल्लं." मला ते गावंढळ वाटायचं. मी फक्त कॉम्प्युटर बघायचे.

लॅब-इनचार्ज कोण होणार हे ठरायच्या आठवड्यातच माझ्या टाकीतले बुडबुडे थांबले. काकांनी रस तपासला आणि खडूच्या ओळीवर बोट ठेवलं. द्राक्षं उतरवतानाच, रस टिकावा म्हणून घालतात ते सल्फर पडलं होतं. मी ती ओळ न वाचता पुन्हा तेवढंच घातलं होतं.

"ज्यादा सल्फरनं बी-वन मरतं, ताई," एवढंच म्हणाले. तुंबलं वगैरे काही नाही.

त्यांनी रस ढवळून, हवा देऊन सल्फर उतरवलं, बी-वन आणि ताजं यीस्ट घातलं. तिसऱ्या दिवशी बुडबुडे आले. मागोमाग साहेबही आले.

"बी-वन कमी पडलं हे ताईंनी शोधलं," काका म्हणाले. "मी आपला ढवळत होतो."

खडूची ओळ पुसलेली होती.

इनचार्ज मी झाले. आधी त्यांच्या चांगुलपणाचाही हेवा वाटला, लाज नंतर वाटली. जेवणाच्या सुट्टीत त्यांना गाठलं.

"काका, ही जागा तुमची होती. असं का केलंत?"

त्यांनी डबा उघडला. "मी इनचार्ज झालो असतो तर सांगायचं कुणाला? बायको गेली त्याला चार वर्षं झाली. पोरगा परदेशात, फोन उचलला तर उचलला. तुमची आई रोज विचारती ना, आज काय झालं म्हणून? तिला सांगा. आन् ती काय म्हणाली ते उद्या मला सांगा. काही गाळू नका."

दुसऱ्या दिवशी गाडीत ते माझ्याशेजारी येऊन बसले. "हं, सांगा."

आई चारच वाक्यं बोलली होती. मी ती नाशिकपासून पार निफाडपर्यंत पुरवली.