होडी सुटण्याआधी म्हणायचे शब्द

ज्या वस्तूचं नाव तोंडात येत नाही तिला हात लावू नये. जगातले निम्मे अपघात नाव न घेता हात लावल्यामुळे होतात. (उरलेले निम्मे नाव माहीत असलेली माणसं करतात, पण आपण कशाने बुडालो हे निदान त्यांना सांगता येतं.)

हे तत्त्व खाडीकाठच्या एका घरात पूर्णपणे अमलात आहे. घराला शिडाची होडी आहे आणि होडीवर व घरावर थोरल्या बाईंची सत्ता आहे. काही वर्षांमागे त्यांच्या यजमानांनी भर खाडीत जावयाला फर्मावलं, "अहो, ती दोरी सोडा." होडीत दोऱ्या पाच. जावयाने हाताशी आली ती सोडली. शीड धाडकन खाली आलं आणि होडीत बसलेल्या होणाऱ्या व्याह्यांवर पांघरुणासारखं पसरलं. व्याही शिडाखालून बाहेर आले ते तडक आपल्या घरी गेले, आणि होणारे होते ते व्हायचे राहिले.

त्याच दिवशी थोरल्या बाईंनी नियम केला. नांगर उचलण्याआधी होडीतल्या प्रत्येकाने होडीच्या सर्व भागांची नावं अर्थासकट म्हणायची. एकाचं चुकलं की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. यजमानांना कायमचं काठावर बसवण्यात आलं.

शब्द सोपे आहेत. नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. (नाक म्हटलेलं चालत नाही.) डोलकाठी म्हणजे शिडाचा खांब, नाव डोलकाठी असलं तरी ती खरोखर डोलू लागली तर उतरावं. परबाण म्हणजे शीड जिला बांधतात ती आडवी काठी. कपाळाला लागते तीच. सुकाणू म्हणजे होडी वळवायची मागची फळी. ती ज्याच्या हाती असते त्याला घरात कोणी विचारत नसलं तरी होडीत विचारावं लागतं. वारा अंगावर येतो ती वाऱ्याची बाजू, पलीकडची आडोशाची. मग पाच दोर, वल्ही, नांगर, आणि शेवटी भरती व ओहोटी, कारण त्या होडीच्या बाहेर असतात.

नियमाचे परिणाम डोळ्यांत भरण्यासारखे आहेत. नियम झाल्यापासून अपघात शून्य. शिडाखाली सापडलेले व्याही शून्य. फेऱ्याही शून्य आहेत, पण त्या अपघातांच्या आकड्यांत धरत नाहीत.

थोरल्या बाईंची सख्खी बहीण खाडीपलीकडे राहते. आजी झाली तरी तिला सगळे बेबीच म्हणतात. तिच्या दारात वाळत घातलेले कपडे या धक्क्यावरून मोजता येतात. पुलावरून बसही जाते. पण थोरल्या बाई एकदा चारचौघांत म्हणून गेल्या होत्या, "दारात होडी असताना मी बसमध्ये लोंबकळत जाऊ?" आणि म्हटलेलं मागे घ्यायची त्यांच्याकडे पद्धत नाही. आता बेबीचा मुलगा तिला कायमची आपल्या गावी नेणार होता, खाडीच्या तोंडाशी लागणाऱ्या आगबोटीने. बेबीचा निरोप आला, "ताई, जाण्याआधी एकदा ये गं. पुन्हा भेट होईलसं वाटत नाही." थोरल्या बाईंनी निरोप ऐकला, डोळे पुसले आणि घरात शब्दांची उजळणी लावली.

उजळणी पक्की होईपर्यंत बेबीचा जायचा दिवस उजाडला. सकाळी पाणी काठोकाठ होतं, वारा हवा तसा. थोरल्या बाई, मुलगा, धाकटी सून आणि जावई होडीत बसले. सून घडाघडा म्हणाली. जावयाची पाळी आली.

"तुम्ही कुठल्या बाजूला बसलात?"

"वाऱ्याच्या."

शब्द त्यांच्या तोंडात असतानाच वारा फिरला.

"चूक. आडोशाच्या."

"अहो, मी हललोसुद्धा नाही!"

"तुम्ही नाही हललात, वारा हलला. होडीत ऐकायचं कोणाचं, वाऱ्याचं की जावयाचं? चला, पुन्हा नाळेपासून."

दुसऱ्या वेळी मुलगा मध्येच म्हणाला, "आई, मावशी वाट बघत असेल गं."

"वाट हा होडीचा भाग नाही. पुन्हा नाळेपासून."

काठावरून यजमान ओरडले, "अगं, ओहोटी लागली!"

"ओहोटी सगळ्यात शेवटी येते," थोरल्या बाई म्हणाल्या. "अजून अवकाश आहे."

तिसऱ्या वेळी कोणाचंच चुकलं नाही. "नांगर म्हणजे होडी जागची हलू नये म्हणून तळाशी टाकतात ते लोखंड," सून म्हणाली, आणि सगळ्यांना ते लोखंड चिखलात लख्ख दिसलं. होडी सावकाश खाली बसली आणि एका कुशीवर कलंडली. थोरल्या बाईंनी तिरक्या बसूनच सगळ्यांना शाबासकी दिली.

मधल्या खोल पाण्यातून एक लहान होडी वल्ही मारत आली. मासळीवाल्याची होती. ट्रंकेवर बेबी बसली होती.

"ताई! काय करता गं तिथे?"

"निघालोय."

"कुठे?"

"तुझ्याकडे."

"मी ही इथे!" बेबी म्हणाली. "चल, आगबोटीपर्यंत तेवढ्याच बसू दोघी."

थोरल्या बाईंनी मासळीवाल्याकडे पाहिलं. "काय हो, त्या दोरीला काय म्हणता?"

"दोरी."

"आणि त्या दुसरीला?"

"ती पण दोरीच की, मावशी. येताय का? पाणी चाललंय."

बेबी ट्रंकेवर थोडी सरकली, इतकंच. थोरल्या बाईंनी वहाणा हातात घेतल्या, गुडघाभर चिखलात उतरल्या आणि कोणत्याही भागाचं नाव न घेता परक्याच्या होडीत चढल्या. बेबीने त्यांचा चिखलाचा हात आपल्या मांडीवर धरला. पुढे दोघी काय बोलल्या ते इकडे ऐकू आलं नाही. पण होडीच्या भागांविषयी नसावं, कारण दोघी हसत होत्या.

मागे राहिलेल्या मंडळींनी विचार करून ही फेरी ग्राह्य न धरण्याचं ठरवलं, आणि भरती येईपर्यंत रिकामं बसण्यापेक्षा पुन्हा नाळेपासून सुरुवात केली.

होडीत सध्या एक जागा रिकामी आहे. पलीकडे कोणीतरी आपल्यासाठी खोळंबलं आहे हे ठाऊक असूनही जो नाळेपासून ओहोटीपर्यंत सगळे अर्थ शांतपणे समजून घेईल आणि जागचा हलणार नाही, असा माणूस हवा. वाचकहो, तुम्ही इथवर आलातच आहात. जरा सरकून बसा, बाजू तेवढी वाऱ्याला विचारून घ्या.