कांद्याचा भोंगा आणि सुकन्याताईचं बाळ

मी फारसं बोलत नाही. (वर्गात माझी हजेरी बाई दोनदा पुकारतात आणि मग माझ्या मैत्रिणीला विचारतात.) म्हणून घरात जमलेल्या बायकांना जे सांगायचं ते तोंडाने न सांगता भोंग्यातून सांगायचं, असं मी ठरवलं. माझ्या हातून एवढंच झालं. पुढचं सगळं भोंग्याने केलं.

माझी ताई सुकन्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दवाखान्यातून ती मुलगा घेऊन घरी आली आणि तिच्यामागून निम्मी आळी आत शिरली. बाळ रडलं की ताई त्याला जवळ घ्यायची आणि खाटेभोवतीच्या सगळ्या बायका एकदम बोलायच्या.

"मान वर धर गं!"

"वर न्हाई, खाली!"

"आगं, त्याला भूक न्हाई, ढेकर आडकलाय."

आप्पांची मोठी बहीण मनकर्णा आत्या तर मधाची बाटली कमरेला खोचूनच बसली होती. "पैला चीक पिळून टाक. लई जड आसतो. तवर मी मध चाटवते."

मागच्या महिन्यात आमची गाय व्यायली तेव्हा हीच आत्या चिकाची किटली मांडीवर घेऊन एस.टी.तून पाथर्डीला लेकीकडे गेली होती. खरवसाची वडी लहान मिळाली म्हणून शेजारच्या विजयमाला काकू तिच्याशी अजून नीट बोलत नाहीत. गायीचा चीक एवढा मोलाचा आणि ताईचा तेवढा जड? (हे मी मनातच विचारलं.)

सकाळी गावातल्या आशा सेविका जयाताई येऊन सांगून गेल्या होत्या, की पहिलं पिवळं दूध बाळालाच द्या. मध नको, पाणी नको, गुटी नको. बाळाला उघड्या छातीशी धरा, त्याने तोंड मोठं उघडलं की लावा, मागेल तेव्हा पाजा आणि बाळंतिणीला निवांत राहू द्या. आत्या "व्हय, व्हय" म्हणाली. जयाताई पायरी उतरत होत्या तेव्हा हिने बाटलीचं झाकण उघडलं.

ताईने मला जवळ ओढलं. तिचे डोळे भरले होते. "मला दूधच न्हाई वाटतं गं. दुपारी सासूबाई येणार हायेत, पावडरचा डबा घेऊन. त्याच्या आत एकदा तरी प्यायला पायजे ह्यो."

आप्पा टेम्पोतून कांदे-बटाटे विकतात. त्यांच्या भोंग्यात बटण दाबून एकदा बोललं की तो तेच तेच ओरडत बसतो. मी तो गोठ्यामागे नेला आणि बोलले. आवाज बारीक करून उंबऱ्यावर ठेवायचा आणि पळायचं, असा माझा बेत होता. तेवढ्यात आईने पाणी तापवायला हाक मारली. मी भोंगा ओट्यावर ठेवला. आप्पांनी तो उचलला, टेम्पोवर बांधला आणि गेले.

थोड्या वेळाने मारुतीच्या पारापासून गावभर माझा आवाज आला.

"सर्व महिलांनो, लक्ष द्या. पहिलं पिवळं दूध टाकून देऊ नका. बाळाला मध नको, पाणी नको. खाटेभोवती गर्दी करू नका. मनकर्णा आत्या, ती बाटली कपाटात ठेव."

भोंग्याचं बंद करायचं बटण दिवाळीपासून अडकलेलं आहे. आप्पा वायर उपटायची सोडून माझ्या आवाजावर आपला आवाज चढवत होते. "मध नको, पाणी नको." "कांदेऽऽ!" "गर्दी करू नका." "बटाटेऽऽ!"

आत्या ताडकन उठली. "माझं नाव? पारावर?" ती निघाली. आता पारावर काय होतंय ते कुणालाच चुकवायचं नव्हतं, म्हणून तिच्यामागे सगळ्या निघाल्या. आईसुद्धा.

मी दाराआड लपले होते. खोलीत एकदम शांत झालं.

"दार लोट," ताई म्हणाली.

तिने बाळाला उघड्या छातीशी धरलं. ते रडायचं थांबलं, इकडेतिकडे तोंड फिरवलं आणि जांभई द्यावी तसा मोठा आ केला.

"आता," मी म्हणाले. (सकाळपासून मी कुणाशी समोरासमोर बोललेला हा पहिलाच शब्द.)

मग बारीक आवाज आला. गट्. गट्. ताईचे वर चढलेले खांदे हळूहळू खाली आले. बाळाच्या ओठाच्या कडेला पिवळसर थेंब दिसला. ताई रडत होती आणि हसतही होती. मीही.

आत्या तणतणत परत आली, दारातून आत पाहिलं आणि थांबली. मग उंबऱ्यावर बसली.

"माझी सत्यशीला झाली तवा मी कोपरगावला ऊसतोडीला गेल्ते. पाचटाच्या कोपीत मी आन् ती. सांगायला कोनीच न्हवतं." बाळाकडे बघत ती म्हणाली, "म्हनूनच पोरगी गपगुमान प्याली आसंल का गं?"

त्यानंतर आत्या उंबऱ्यावरून हलली नाही. ताईच्या सासूबाई आल्या, तर त्यांचा डबासुद्धा तिने दारातच ठेवून घेतला. "पोरगं दूध पितंय, ईहीनबाई. भोंग्यात काय सांगितलं त्ये ऐकलं न्हाई व्हय?"

संध्याकाळी आप्पा रिकामा टेम्पो घेऊन आले. मला वाटलं, आता ओरडा बसणार. पण भांडण ऐकायला जमलेल्या गर्दीने सगळा कांदा नेला होता.

"उद्यापासून कांद्याचं पन तूच बोलायचं," म्हणत त्यांनी माझ्यासमोर भोंगा धरला आणि बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमचा टेम्पो गावातून ओरडत फिरत होता, "आप्पा, नको ना, मला लाज वाटते."