नसलेल्या उशिराची माफी

मुदतराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कोर्टातल्या मंडळींनी चेष्टेत दिलेलं, आणि वकीलसाहेबांनी पदवीसारखं मिरवलेलं! "मुदत मोजावी तर आम्हीच," ते सांगत. "निकालाचा दिवस धरायचा नाही, शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असलं तर उघडेल त्या दिवशी दाखल करायचं. झोपेतसुद्धा चुकणार नाही!"

त्यांचा अशील होता एक शिंपी. दुकान खाली करण्याचा हुकूम त्याच्यावर निघालेला आणि अपिलाला तीस दिवसांची मुदत. दुकान गेलं तर शिलाई मशीन डोक्यावर घेऊन बिचारा फिरणार कुठे? धास्तावून तो रोज यायचा.

"वकीलसाहेब, निकालाची नक्कल हातात यायलाच आठ दिवस गेले हो!"

"अहो, ते नकलेचं रडगाणं सोडा! शेवटचा दिवस रविवारी येतोय. म्हणजे सोमवारी दाखल. निवांत झोपा."

सोमवारी मुदतराव ऐटीत खिडकीवर गेले. कारकुनाने कागद चाळले आणि चष्म्यावरून पाहिलं.

"काल का नाही आलात?"

"काल रविवार होता!"

"होता ना. पण मागच्या एका जादा सुट्टीच्या बदल्यात काल कोर्ट चालू होतं. महिनाभर नोटीस लागलीय फळ्यावर."

मुदतरावांच्या पायाखालची जमीनच सरकली. त्याच फळ्याला टेकून तर ते रोज चहा प्यायचे! शिंपी मटकन बाकावर बसला.

"म्हणजे दुकान गेलं?"

त्याचा चेहरा पाहून मुदतराव त्याच्या शेजारी येऊन बसले. "जाऊ देणार नाही! उशीर माफ करण्याचा अर्ज देतो. कारण तेवढं सबळ हवं."

आता कारण काय सांगायचं? आजारी होतो म्हणावं, तर त्याच रविवारी संध्याकाळी खुद्द न्यायाधीशांनी त्यांना बागेत झोपाळ्यावर पाहिलेलं! शेवटी काळजावर दगड ठेवून त्यांनी लिहिलं, 'मला दिवस मोजता येत नाहीत. चूक माझी आहे, शिक्षा अशिलाला नको.' पण यावर विश्वास कोण ठेवणार? साक्षीदार हवा.

"अगं, माझ्या मोजण्याबद्दल चार ओळींचं प्रतिज्ञापत्र देशील?" त्यांनी घरी जाऊन विचारलं.

"चारच ओळी?" असं म्हणून बायको बाह्या सरसावून बसली. पाच पानं झाली. मुदतरावांना वाचायचा धीरच झाला नाही, तसंच दाखल केलं.

सुनावणीला ती जातीने हजर होती. न्यायाधीश चवीने वाचू लागले, "'लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा दुसऱ्या दिवशी दिल्या. विचारलं तर म्हणाले, काल सुट्टी होती.' हं... 'सोमवारच्या गाडीसाठी आम्हाला मंगळवारी स्टेशनवर नेलं.' आणि हे काय? 'स्वतःच्या लग्नाला मात्र एक दिवस आधी आले आणि भलत्याच लग्नात जेवून परत गेले!' खरं आहे का हे?"

"शब्दन् शब्द खरा, साहेब," मुदतराव मान खाली घालून म्हणाले. सगळं कोर्ट खो-खो हसत होतं. हसा लेको, त्यांच्या मनात आलं, पण या माणसाचं दुकान वाचवा!

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "निकालाची नक्कल मिळायला किती दिवस लागले?"

शिंपी ताडकन उठला. "आठ दिवस, साहेब! कधीचा सांगतोय, कोणी ऐकेल तर शपथ!"

"ते दिवस मुदतीतून वजा होतात, वकीलसाहेब! अपील आठवडाभर आधीच आलंय. उशीर झालेलाच नाही, तर माफी कसली? अपील दाखल करून घेतो. निकाल लागेपर्यंत दुकान खाली करायचं नाही."

शिंप्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मुदतरावांच्याही आलं, पण त्याचं कारण वेगळं होतं.

"मग साहेब, ते प्रतिज्ञापत्र परत मिळेल का?"

"दाखल झालेला कागद परत नाही देता येत. हवी तर नक्कल काढा."

निदान उरलेल्या पानांत काय आहे ते तरी कळावं म्हणून मुदतराव नकलेच्या खिडकीकडे गेले. तिथे बायको आधीच उभी!

"तीन प्रती द्या," ती कारकुनाला सांगत होती. "एक माहेरी पाठवायचीय, एक जपून ठेवायचीय."

"आणि तिसरी?" मुदतरावांनी दबक्या आवाजात विचारलं.

"ती शिंप्याला हवीय," बायको म्हणाली. "दुकानात लावायला."