न उगवलेल्या दातांच्या अटी

अडीच वर्षांच्या ओजूच्या हिरडीत अजून न उगवलेल्या, समोरच्या दोन कायमच्या दातांनी बुधवारी सकाळी कळवलं की अशा घरात यायची आमची तयारी नाही.

चंपूआत्या तेव्हा ब्रशवर पेस्ट काढत होती. आई नसलेल्या या भाचीला तीच सांभाळायची. हात आखडला असं कुणी म्हणू नये म्हणून ब्रशभर लांब पट्टी काढायची. पेस्ट स्ट्रॉबेरीच्या चवीची. ओजू ती चाटूनपुसून गिळायची आणि आत्याला भरून यायचं.

आत्या गोंधळली. यांना अरे म्हणावं की अहो? अजून जन्मले नाहीत, म्हणजे अरे. पण पोरीच्या म्हातारपणापर्यंत राहणार, म्हणजे अहो.

"अहो, काय कमी पडलं तुम्हाला?"

"कमी नाही, जास्त झालं. ही पेस्टमधलं फ्लोराइड गिळते, ते रक्तातून आमच्यापर्यंत येतं. आम्ही अजून घडतोय. असंच चाललं तर अंगभर पांढरे डाग घेऊन यावं लागेल."

"मग पेस्टच बंद!" आत्या फणकारली.

त्यासरशी दुधाचे दात ओरडले, "म्हणजे आम्ही किडून मरायचं? हंगामी असलो म्हणून काय झालं?"

आत्यानं भावाकडे पाहिलं. दिगंबर दाढी करत होता. "ताई, दोघांचंही ऐकून घे बाई. मला उशीर होतोय."

मग रीतसर बोलणी झाली. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. पोरीला थुंकायला शिकवायचं, तोवर तोंड ओल्या फडक्यानं पुसायचं.

"दाण्याएवढी? माझ्या भावाच्या लेकीला? लोक काय म्हणतील मला!"

"लोक आमच्याकडे बघणार," दात म्हणाले, "तुमच्या ट्यूबकडे नाही."

आत्यानं ट्यूबचं झाकण लावलं. मग हळूच म्हणाली, "आणि आजवर गिळलं त्याचं?"

"दोन-चार ठिपके पडलेत. दुखणार नाहीत, पण पुसूनही जाणार नाहीत. म्हणून विचारतो, आम्हीच यावं की दुसऱ्यांना पाठवावं? बिनडाग दात आहेत शिल्लक. फक्त ते ओजूचे नाहीत."

आत्यानं ओजूचा ओठ वर करून पाहिलं. गुलाबी हिरडी. दिसत काहीच नव्हतं.

"ठिपके असू द्या," ती म्हणाली. "आमचेच या."

हिरडीत थोडी कुजबुज झाली. "येऊ."

"आणि आमच्या अटी?" मागून दाढांनी विचारलं.

"थांबा जरा," आत्या म्हणाली. "ओजू, थू कर बघू."