तिसऱ्या व्हर्जनचं आकाश

"दहा मिनिटांचं काम आहे, बाबा! फक्त एक लायब्ररी टाकायची. चहा गार व्हायच्या आत परत येतो!"

ज्याने आयुष्यात एकदा तरी सॉफ्टवेअर इन्स्टॉल केलं आहे, तो असं बोलायला धजत नाही. जावयाने हजार वेळा केलं होतं आणि समोर सासरे बसले होते, म्हणून तो बोलला.

"अरे, 'फक्त' म्हणू नकोस," बायको म्हणाली. "तू 'फक्त' म्हणालास की आपलं वायफाय दोन दिवस जातं."

"घरचं वेगळं, हे वेगळं. हा माझा धंदा आहे!"

सासऱ्यांना सगळं गाव तारेमास्तर म्हणत असे. बागेच्या कोपऱ्यातलं तारांगण तेच सांभाळत. तिकिटं द्यायला एक बाई होत्या; बाकी खुर्च्या पुसण्यापासून मृग नक्षत्र दाखवण्यापर्यंत सगळी कामं त्यांचीच. घुमटावर आकाश काढणारा प्रोग्रामसुद्धा त्यांनी तरुणपणी, एका हाताने पुस्तक धरून, दुसऱ्या हाताच्या एका बोटाने टाइप केला होता. आकाशातला एकेक तारा त्यांनी नकाशा बघून त्यात भरला होता. आजवर तो प्रोग्राम कुणी उघडला नव्हता. चालत्या गाड्याला कोण खीळ घालतो?

पण जुना प्रोजेक्टर गेला. नवा आला, आणि नव्याशी बोलायला नवी लायब्ररी हवी होती. त्यात आज अकराच्या खेळाला समिती येणार होती. तारांगण चालू ठेवायचं की तिथे बॅडमिंटनचा हॉल करायचा, हे ती आज ठरवणार होती. समितीतल्या एका सदस्याने तर आधीच सांगून टाकलं होतं, "घुमट चांगला उंच आहे. शटल अडकायचं नाही."

ते ऐकल्यापासून दोन रात्री तारेमास्तरांनी जेवण अर्धवट टाकलं होतं.

तेव्हा लायब्ररी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. जगात कुणीतरी कष्टाने लिहून ठेवलेला तयार प्रोग्राम आपण आयता आणायचा, आपल्या प्रोग्रामला जोडायचा आणि वर म्हणायचं, 'हे मी केलं.' सासुरवाडीचं जेवण आणि लायब्ररी यांत फरक एवढाच, की सासुरवाडी तुमचं व्हर्जन विचारत नाही.

लायब्ररी विचारते. घुमटाकडे उघड्या असलेल्या तारांगणाच्या छोट्या खोलीत बसून जावयाने इन्स्टॉलचं बटण दाबलं आणि पडद्यावर ओळ उमटली, की या लायब्ररीला प्रोग्राम ज्या भाषेत लिहितात, तिचं तिसरं व्हर्जन लागतं, या मशीनवर दुसरं आहे.

"काय म्हणतंय?" तारेमास्तरांनी खांद्यावरून वाकून विचारलं.

"भाषा जुनी आहे म्हणतंय. काढून नवी टाकतो."

"जुनी काढायलाच हवी का?"

"बाबा, एका म्यानात दोन तलवारी राहतात का?"

राहतात. एका मशीनवर भाषेची दोन व्हर्जन सुखाने नांदतात, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं, आणि जावयालाही माहीत होतं. पण म्हण तोंडातून निघून गेली होती, आणि सासऱ्यांनी कौतुकाने मान हलवली होती. अशा वेळी माणूस म्हण मागे घेत नाही, व्हर्जन काढून टाकतो.

तिसरं व्हर्जन बसलं. प्रोजेक्टर हिरवा दिवा लावून गुरगुरला. आणि तारेमास्तरांचा प्रोग्राम पहिल्याच ओळीला मटकन खाली बसला. त्याला नव्या भाषेचं व्याकरण येत नव्हतं! जावयाने जुन्याचं नवं करून देणारं एक साधन त्यावर चालवलं. प्रोग्राम कण्हत उठला आणि म्हणाला, की माझी ग्रहांची लायब्ररी या व्हर्जनवर चालत नाही.

जावयाने नवी ग्रहांची आणली. तिला नवी गणिताची हवी होती. गणिताचीला नवी तारखांची. तारखांचीला आणखी एक, जिचं काम काय, ते तिच्या माहितीतही धड लिहिलेलं नव्हतं, पण तिच्यावाचून शनी उगवणार नव्हता!

जावयाने आजवर हे सगळं हजारदा पाहिलं होतं, पण घुमटाखाली बसून कधी पाहिलं नव्हतं. एका ग्रहामागे केवढी ही माणसं! कुणी गणित लिहिलेलं, कुणी लीप वर्ष सांभाळलेलं. एकाने दुसऱ्याचं तोंड पाहिलेलं नाही, आणि तरी प्रत्येक जण दुसऱ्याच्या खांद्यावर उभा! त्याच्या अंगावर काटा आला. थोडा आदराने, थोडा घड्याळाकडे बघून.

"चंद्र अडकलाय," तो म्हणाला.

"कुठे?" तारेमास्तर दचकले.

"दुसऱ्या व्हर्जनवर. चंद्राची लायब्ररी कुणीतरी एकट्याने लिहिलेली आहे, आणि त्याने ती तिसऱ्यावर आणलीच नाही. शेवटचं त्याने लिहून ठेवलंय: 'मला मुलगी झाली आहे. बाकी नंतर बघतो.'"

"वा! कधी झाली?"

"ती आता कॉलेजात असेल, बाबा."

"असू दे, असू दे. नाव काय ठेवलं?"

"बाबा! समिती!"

इन्स्टॉलरमध्ये एक पर्याय असतो: तपासणी न करता पुढे जा. बंद फाटकाखालून सायकल वाकवून नेणाऱ्यांसाठी तो ठेवलेला असतो. जावयाने इकडेतिकडे पाहिलं आणि सायकल वाकवली.

चंद्र आला! असा आला, की घुमटात चंद्र नव्हता, चंद्रात घुमट होता. खुर्च्या, भिंती, तारेमास्तरांचं टक्कल, सगळं पांढरंफटक पडलं. दार ढकलून तिकीटवाल्या बाई आत डोकावल्या.

"अगं बाई! चुना लावलात का?"

"चंद्र आहे तो!" जावई ओरडला.

"एवढा? मग बाकीच्यांनी बसायचं कुठे?"

तेवढ्यात चंद्रासकट प्रोग्राम बंद पडला. जावयाने कपाळावरचा घाम पुसला आणि ठरवलं. "चंद्र काढून टाकतो."

"काढून?" तारेमास्तरांचा आवाज चिरकला. "समितीला चंद्राशिवाय आकाश दाखवू? लग्नात नवरा नसल्यासारखं?"

"अमावास्या आहे म्हणा!"

"जावईबापू, काल पौर्णिमा होती!"

पण बाहेर गाडीचं दार वाजलं होतं. तिकीटवाल्या बाई समितीला मोठ्या आवाजात समजावत होत्या, "जरा थांबा हं. आत चंद्र काढतायत. मोठा झाला होता."

अध्यक्षबाई आत आल्या. पांढरे आखूड केस, हातात गोल डबीतली मोजपट्टी. मागून शटलवाले सदस्य. त्यांनी बसण्याआधी भिंतीपासून भिंतीपर्यंत पावलं टाकून पाहिली आणि समाधानाने मान डोलावली. तारेमास्तरांनी ते पाहिलं. ते माइकपाशी गेले.

खोलीत जावयाने प्रोग्राम चालू केला.

सूर्य मावळला! बरोबर पश्चिमेला! जावयाने मनातल्या मनात तारखांच्या लायब्ररीच्या सात पिढ्यांना नमस्कार केला. घुमट केशरी झाला, मग जांभळा, मग काळा.

"आज अमावास्या," तारेमास्तर म्हणाले.

"काल मी गच्चीत पौर्णिमेचा चंद्र पाहिला," अंधारातून अध्यक्षबाईंचा आवाज आला.

"आपण... आपण पुढच्या पंधरवड्याचं आकाश बघतोय, बाई. आगाऊ."

शटलवाले खाकरले. तारेमास्तरांनी घाईने पहिला तारा दाखवला. मग दुसरा. मग नेहमीचे सगळे, एकेक करून. जावई सैल झाला. जमलं!

आणि तेव्हाच त्याला ते दिसलं. ताऱ्यांच्या मधल्या मोकळ्या काळ्या जागेत बारीक बारीक ठिपके उमटायला लागले होते. आधी चार-दोन, मग मूठभर, मग कुणी पिठाची चाळण झटकावी तसे. घुमटाचा काळा रंग दिसेनासा होत चालला. प्रोजेक्टर बिघडला! नाहीतर लायब्ररीने कचरा ओतला!

"अहो," तिकीटवाल्या बाई त्याच्या कानाशी कुजबुजल्या, "घुमटाला बुरशी आली का हो?"

जावयाने प्रोग्राम उघडला आणि पडद्याच्या उजेडात ओळी चाळायला लागला. कुठे आहे ही घाण? कुठून येतेय? ताऱ्याचं तेज काढायची ओळ सापडली. साधी ओळ. एका आकड्याला दुसऱ्याने भागायचं. त्यात चुकण्यासारखं काही नव्हतंच.

मग त्याचं बोट थांबलं.

जुनी भाषा पूर्ण आकड्याला पूर्ण आकड्याने भागताना उरलेला तुकडा फेकून देत असे. सातला दोनने भागा, तीन. एकाला दोनने भागा, शून्य! मंद ताऱ्यांचं तेज एकाहून कमी, म्हणजे शून्य, म्हणजे काळोख. नवी भाषा अर्ध्याला अर्धा म्हणत होती. हा कचरा नव्हता. हे तारे होते! पहिल्या दिवसापासून ते प्रोग्राममध्ये बसून होते आणि एका भागाकारापायी कुणालाही दिसले नव्हते.

त्याने वर पाहिलं आणि मान खाली घ्यायचं विसरून गेला.

घुमटाखाली एकदम शांत होतं. तारेमास्तर बोलायचे थांबले होते. खेळ चालू असताना ते कधी थांबत नसत. जावयाला वाटलं, संपलं. आता बॅडमिंटन.

"हा मी घातला होता," माइकवरून आवाज आला. तो लोकांसाठी नव्हता, पण माइक चालू होता. "हासुद्धा. हे चार... हे मी तापात असताना भरले होते, बायको रागावली होती. आणि ही पुसटशी रेघ, ही आकाशगंगेची कड. सगळे माझेच आहेत! अरे, तुम्ही होतात कुठे?"

कुणी हललं नाही. शटलवाल्यांचं तोंड उघडं होतं. खाली काहीतरी टणकन पडलं आणि घरंगळत खुर्च्यांखाली गेलं. मोजपट्टी असावी. ती उचलायला कुणी वाकलं नाही.

तारेमास्तर पुढे काही सांगूच शकले नाहीत. नक्षत्रांच्या गोष्टी नाहीत, अंतरं नाहीत. आकाश सावकाश फिरत राहिलं आणि सगळे माना वर करून बसून राहिले. शेवटी पूर्वेला उजाडलं, दिवे लागले आणि अध्यक्षबाई डोळे चोळत म्हणाल्या, "संपलं?"

"संपलं, बाई."

"परत लावा."

शटलवाले काहीतरी बोलायला गेले. अध्यक्षबाईंनी त्यांच्याकडे न बघताच सांगितलं, "तुमचं बॅडमिंटन शाळेच्या मैदानात होईल. तिथेही छप्पर उंचच आहे. छप्परच नाही." मग त्या तारेमास्तरांकडे वळल्या. "हे बंद करायचं नाही. मी लिहून देते. फक्त पुढच्या महिन्यात चंद्रही ठेवा."

"तो... मुलीच्या शिक्षणात अडकलाय," तारेमास्तर भारावून म्हणाले. अध्यक्षबाईंना काही कळलं नाही, पण त्या दिवशी त्यांनी तेही मान्य केलं.

सगळे गेल्यावर जावयाने सासऱ्यांना भागाकाराची ओळ दाखवली. "चूक भाषेची होती, बाबा. जुनं व्हर्जन अपूर्णांक टाकून द्यायचं."

"भाषेला कशाला बोल लावता?" तारेमास्तर पडद्याकडे टक लावून म्हणाले. "एक भागिले दोन शून्य होत नाही, हे मला चौथीत शिकवलं होतं, मीच ताडून पाहायला हवं होतं. आणि इतकी वर्षं हे तारे दिसत नाहीत म्हणून मी बिचाऱ्या जुन्या प्रोजेक्टरला शिव्या घातल्या!" मग त्यांनी जावयाच्या पाठीवर अशी थाप मारली, की त्याचा चष्मा कीबोर्डवर पडला.

घरी पोचेपर्यंत तारेमास्तरांनी वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला ती हकिकत सांगितली. प्रत्येक वेळी तारे वाढत गेले आणि जावयाचं ज्ञानही. दारातच त्यांनी सासूबाईंना हाक मारली.

"ऐकलंस का! जावयाच्या हाताला गुण आहे, गुण! त्यांना स्वतःला आपण काय करतोय ते कळत नव्हतं, सगळं मोडत चाललं होतं, चंद्र गेला, तरी शेवटी हे एवढं आकाश उघडलं! याला म्हणतात हातगुण!"

जावयाने नम्रपणे मान खाली घातली. खरं तर आत्ताच्या आत्ता कुणी हेच सगळं दुसऱ्या मशीनवर करायला सांगितलं असतं, तर त्याला जमलं नसतं. पण हे सांगायची घाई नव्हती.

"तेव्हा मी म्हणतो," तारेमास्तर उत्साहाने पुढे म्हणाले, "आता एकदा आपल्या मिक्सरलाही त्यांचा हात लागू दे!"

स्वयंपाकघरातून धावत्या पावलांचा आवाज आला आणि सासूबाई मिक्सर दोन्ही हातांनी पोटाशी धरून दारात उभ्या राहिल्या.

"खबरदार!" त्या म्हणाल्या. "माझा चांगला चाललाय!"