सारवलेली द्राक्षबाग

शेषरावांनी शेतकी समितीचं पत्र चौथ्यांदा वाचलं आणि चष्मा पुसून पाचव्यांदा वाचायला घेतलं. पत्र साधंच होतं. सोमवारी सकाळी समिती बीबी गावाला येणार, द्राक्षबागांची पाहणी करणार, आणि जमीन-पाणी सांभाळून पिढ्यान्‌पिढ्या टिकेल अशी बाग राखणाऱ्याला जिल्ह्याचं पहिलं बक्षीस देणार. शेषरावांच्या डोळ्यांना मात्र त्यातलं 'समिती येणार' एवढंच पुन्हा पुन्हा दिसत होतं.

बक्षीस मिळाल्याशिवाय धडगत नव्हती. थोरले बंधू भगवंतराव घराचे कर्ते. द्राक्षापासून दारू होते, एवढीच त्यांना या पिकाची माहिती. दारूबंदीच्या दिवसांत आपल्या घरामागे चार गुंठ्यांत हे काय लोंबतं आहे, या विचाराने चार वर्षं त्यांना घोर लागला होता. शेवटी जेवताजेवता त्यांनी निकाल दिला होता, "सरकारानं चांगलं म्हटलं तं राहू दे तुहा मांडव. नाई म्हटलं तं पाडव्याले वेली उपटायच्या अन् तिथं कापसाची पऱ्हाटी लावायची."

ती बाग शेषरावांनी पुस्तकं वाचून लावली होती आणि त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाईंनी ती पुस्तकं न वाचता जगवली होती. न्हाणीचं पाणी वाया जाऊ नये म्हणून बाईंनी चर खणून ते वेलींकडे वळवलं. ऊन लागून माती सुकू नये म्हणून बुडाशी तुराट्या, पाला, भुईमुगाची टरफलं अंथरली. गळकी मडकी फेकवेनात, म्हणून ती वेलींजवळ पुरली. एकदा भरली की दोन दिवस झिरपत राहत. त्यांच्या माहेरची तांब्याची घागरही त्यातच होती. तिच्या बुडाला भोक पडलं होतं आणि लोणारच्या बाजारात नेऊन डाग देऊन आणतो, असं शेषराव तीन वर्षं म्हणत होते. अखेर बाईंनी ती वेलीला देऊन टाकली.

शनिवारी अन्नपूर्णाबाई बहिणीकडे बारशाला डोणगावला गेल्या. शेषराव एकटेच बागेत उभे राहिले आणि समितीच्या डोळ्यांनी बघू लागले. जिकडेतिकडे कचरा. फुटकी मडकी. कोपऱ्यात उकिरडा. पाहुणे येणार म्हटलं की झाडायचं, सारवायचं, रांगोळी काढायची, हे ते जन्मापासून पाहत आले होते. जिल्ह्याचे पाहुणे बागेत येणार, तर बाग सारवायला नको?

त्यांनी रोजाच्या चार बाया लावल्या. पाला झाडून निघाला, मडकी उपटून निघाली, चर बुजला. मग मांडवाखालची सगळी जमीन शेणाने अशी सारवून काढली की तिथे पाट मांडून पंगत बसवावी. दर वेलीपुढे रांगोळीचं कमळ.

निघालेला पसारा कुठे टाकायचा, हा प्रश्न उरला. धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधाच्या त्या बाजूला, माणिकरावांचं रान होतं. शेषरावांच्या उरलेल्या काड्या लावून त्यांनीही आठ वेली केल्या होत्या, म्हणजे लावल्या होत्या आणि मग ते बाजेवर पडले होते. गावातून एकच नाव गेलं तर बरं दिसत नाही, म्हणून ग्रामसेवकाने त्यांचंही नाव समितीला कळवलं होतं. शेषरावांनी भीत भीत विचारलं, तसे ते कूस बदलून म्हणाले, "टाका न भाऊ. मले कुठं अंगावर टाकून राह्यले."

रविवारी दिवस मावळेपर्यंत सगळं धुऱ्यापलीकडे गेलं. बाया नेटक्या होत्या. त्यांनी पसारा वेलींच्या बुडाशी नीट पसरला आणि मडकी ओळीने लावली.

सोमवारी जीप आली. समितीचे अध्यक्ष म्हणजे एक म्हातारे साहेब, हातात काठी. ते मांडवाखाली आले, रांगोळी ओलांडली आणि काठी जमिनीवर टेकवली. टक्‌ असा आवाज झाला. त्यांनी प्यायला दिलेल्या पेल्यातलं थोडं पाणी खाली ओतलं. ते ओघळत त्यांच्याच बुटापाशी परत आलं.

"इथं पाणी आत कुठून जातं?"

"आत नाई जात साहेब," शेषराव नम्रपणे म्हणाले. "म्हणून तं चिखल नाई होत."

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने काहीच लिहिलं नाही. भगवंतराव बाजूला उभे राहून मांडवाचे खांब मोजत होते, आणि ते कशासाठी, हे शेषरावांना कळत होतं.

मंडळी धुरा ओलांडून गेली. साहेबांचे बूट पाल्यात रुतले आणि त्यांचा चेहरा उजळला. ते खाली बसले, मूठभर माती उचलून त्यांनी तिचा वास घेतला. मग मडकी पाहिली. "माणिकराव, हे सगळं कधीपासून करता?"

माणिकराव बाजेवरून उठून बसले. "म्या काईच नाई केलं साहेब."

"लिहा," साहेब कारकुनाला म्हणाले, "जमिनीला विनाकारण त्रास देत नाहीत."

"पाणी बी नाई देत म्या."

"पाण्याचीही काटकसर. लिहा."

शेषरावांनी खरं सांगावं, तर हे सगळं आपणच बागेबाहेर काढलं, हेही सांगावं लागणार होतं. पाडव्याला उरले होते पंधरा दिवस.

तेवढ्यात पहिल्या मोटारीने डोणगावहून परतलेल्या अन्नपूर्णाबाई पिशवीसकट बागेत शिरल्या. सारवलेल्या जमिनीपाशी त्या क्षणभर थबकल्या. मग धुऱ्यापाशी आल्या. थोरले दीर उभे दिसताच त्यांनी पदर पुढे ओढला, पण आवाज काही ओढला नाही.

"अवो, माही घागर इथं काऊन आली?"

साहेबांनी पाल्यातून घागर उपसली, स्वतःच्या रुमालाने माती पुसली आणि गळ्यावर कोरलेली अक्षरं मोठ्याने वाचली, "सौ. अन्नपूर्णाबाई शेषराव हीस माहेरकडून." मग त्यांनी माणिकरावांकडे पाहिलं.

"वहिनीचीच हाय," माणिकराव म्हणाले. "सगळंच धुऱ्याच्या तिकडून आलं. म्या पयलेच सांगतलं, म्या काईच नाई केलं."

साहेबांनी बाईंना विचारलं, हे कोणत्या पुस्तकात वाचलं. बाई म्हणाल्या, "पुस्तकं ह्यांची, साहेब. इहीर लांब हाय. पाण्याच्या खेपा कोण घालन?"

साहेब धुरा ओलांडून परत शेषरावांच्या बागेत गेले. या वेळी त्यांनी मांडवाखाली मान वर केली. पानाआड घड दाटले होते. काठीने सारवणाचा एक पोपडा उचकटला, तर खालच्या ओल्या काळ्या मातीत गांडुळं वळवळत होती. त्यांनी कारकुनाला माणिकरावांचं नाव खोडायला लावलं आणि घागरीवर पाहून नवं नाव लिहून घेतलं. मग भगवंतरावांना विचारलं, बाग कुणाची. भगवंतराव खाकरले आणि चार वर्षांत पहिल्यांदाच म्हणाले, "आमची."

पुढचे तीन दिवस शेषराव टोपलीने पसारा परत आणत होते. माणिकराव बाजेवरून त्यांना वाट दाखवत होते.

बक्षीस बुलढाण्याहून पाडव्याच्या आदल्या दिवशी आलं. नवीकोरी तांब्याची घागर, गळ्यावर अन्नपूर्णाबाईंचं नाव. भगवंतरावांनी ती स्वतः ओसरीवर आणून ठेवली. बाईंनी ती उचलून उलटी केली, बुडावर बोटं फिरवली आणि शेषरावांपुढे धरली.

"हिले तं भोकच नाई. वेलीच्या काय कामाची?"

"लोणारच्या बाजारात नेऊन पाडून आणतो," शेषराव म्हणाले.

"म्हंजे तीन वर्षं," बाई म्हणाल्या, आणि घागर घेऊन पाण्याला गेल्या.